नांगर नवा की जुना?

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणाले होते. कॉन्व्हेंटमध्ये दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास. ऱ्हस्व-दीर्घाला माझी गाडी अजून अडते. पण मागच्या सेमिस्टरला पेटंटच्या अभिरूप न्यायालयात मी एक केस लढले आणि त्या निमित्ताने एका माणसाच्या आयुष्यात जवळजवळ दोन आठवडे राहून आले. तो माणूस आपल्याच भागातला, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहायचं तर मराठीतच लिहायला हवं. चुका पोटात घाला आणि वाचा!

तर झालं असं. पेटंटचा तास आमच्या वर्गात जेवणानंतर असायचा. मेसचा भात पोटात आणि समोर कलम ४८, कलम ६४, कलम १०७... निम्मा वर्ग झोपलेला. शेवटी सरांनी पुस्तक मिटलं आणि आम्हाला एक खटला दिला. लोखंडी नांगराचं एक काल्पनिक पेटंट आणि दोन काल्पनिक कारखाने. सांगलीकडचा कारखाना वादी, साताऱ्याकडचा प्रतिवादी. चिठ्ठ्या टाकल्या तर सातारची मी प्रतिवादीची वकील आणि माझी रूममेट, सांगलीची, वादीची! एकाच खोलीत दोन पक्षकार. त्या दोन आठवड्यांत आम्ही एकमेकींच्या वह्यासुद्धा उघडल्या नाहीत.

ज्यांना हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेटंटच्या शेवटी क्लेम असतात, म्हणजे माझं नेमकं काय आहे याची शब्दांत आखलेली हद्द. शेताला बांध असतो ना, तसं. दुसऱ्याने या हद्दीतली वस्तू परवानगीशिवाय केली, विकली की उल्लंघन झालं. इथे दोन नांगर शेजारी ठेवून बघायचं नसतं, समोरच्याचा नांगर क्लेमच्या शब्दांत बसतो का ते बघायचं. प्रतिवादीपुढे दोन वाटा. एक, माझा नांगर तुझ्या हद्दीत येतच नाही. दोन, तुला ही हद्द मिळायलाच नको होती, कारण यात नवं काहीच नाही, किंवा त्या कामातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला हे सहज सुचलं असतं. पेटंट रद्द करण्याची कारणं कलम ६४ मध्ये आहेत, आणि तीच कारणं कलम १०७ प्रमाणे बचाव म्हणून वापरता येतात. पेटंट ऑफिसने मंजूर केलं म्हणजे ते पक्कं झालं असं आपला कायदा मानत नाही. मात्र जो रद्द करा म्हणतो, पुरावा त्याने आणायचा. सरांनी हळदीचं उदाहरण दिलं होतं. जखम बरी करायला हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं. डॉ. माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआरने त्याविरुद्ध ३२ संदर्भ गोळा करून दिले आणि १९९७ साली ते रद्द झालं. हळद जखमेवर लावतात हे सांगलीत शेंबडं पोरही सांगेल, पण तिथे कागद लागले!

आमच्या पेटंटला चार क्लेम होते. पहिला, नांगराचं अंग लोखंडाचं. दुसरा, ओतताना झटकन थंड करून कडक केलेला फाळ. तिसरा, झिजला की बोल्ट काढून बदलता येणारा फाळ. चौथा, बैलांच्या उंचीप्रमाणे खोली कमी-जास्त करायला पुढच्या बाजूला भोकांची पट्टी. मला हे चारही पाडायचे होते.

सुट्टीला साताऱ्याला जाताना गाडी किर्लोस्करवाडीला थांबते. आजवर मी त्या स्टेशनावर फक्त चहा घेतला होता. या वेळी म्हटलं, लोखंडी नांगर म्हटल्यावर पहिलं नाव लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. शंभर वर्षांपूर्वीचा त्यांचा नांगर दाखवला की पेटंट खलास. इतक्या स्वार्थी हेतूने मी त्यांचं चरित्र उघडलं, हे कबूल करते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला मात्र शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रं आणि यंत्रं आवडायची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत! आपल्यापैकी कुणाला असं पहिल्याच वर्षी कळलं असतं तर बॅग भरून घरी गेलो असतो. त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. त्याच जोरावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. मुलांना ड्रॉइंग शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः यंत्रं शिकायची. डिग्री नाही. सगळं बघून, उघडून, हात काळे करून शिकलेलं.

नवीन आलेल्या सायकलची त्यांना भुरळ पडली. बेळगावला मोठे बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलीचं दुकान निघालं. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ पासून मोजतात ती या दुकानापासून. योगायोग बघा, आपल्या देशात शोध आणि डिझाइन यांचा एकत्र कायदा आला तोही १८८८ सालीच. दुकान दोघा भावांचं, सायकली विकायच्या आणि चालवायला शिकवायचंसुद्धा. पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग १९०३ साली लोखंडी नांगर. आता शेतकऱ्यांनी नांगरावर उड्या घातल्या असतील असं वाटेल. झालं उलटंच. लोखंडाने जमिनीत विष पसरतं, अशी समजूत होती. लाकडी नांगराने कसत आलेली जमीन, त्यात हे काळं धूड कोण घालणार? पहिले थोडेसे नांगर खपायला दोन वर्षं लागली. आपल्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा किती खोल जातो हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना माहीत आहे. लाकडी नांगर माती उकरतो, लोखंडी नांगर खोल जाऊन ती उलटी करतो आणि मुळं उन्हात पडतात. पण हे कागदावर सांगून पटत नाही. शेतात उतरून दाखवावं लागतं, आणि पुढच्या हंगामापर्यंत वाट बघावी लागते.

इथपर्यंत मला ते भलतेच आवडायला लागले होते. आणि इथेच माझी पंचाईत झाली. कारण पुरावा शोधता शोधता मी १९०३ च्याही मागे गेले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट १७९७ सालीच घेतलं होतं. तिथल्या शेतकऱ्यांनीही लोखंडाने जमीन नासते म्हणून तो नाकारला होता! इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने फाळाची एक बाजू ओततानाच झटकन थंड करून कडक करण्याचं पेटंट १८०३ साली घेतलं. वितळलेलं लोखंड थंड लोखंडाला टेकलं की तेवढा भाग पांढरा आणि कडक होतो. मग मऊ बाजू आधी झिजते आणि फाळाला आपोआप धार राहते. आणि न्यूयॉर्ककडच्या जेथ्रो वूडने १८१४ आणि १८१९ साली सुटे भाग बदलता येतील अशा नांगराची पेटंटं घेतली. लोकांनी त्याची बेधडक नक्कल केली आणि त्याचं बरंचसं आयुष्य आणि पैसा कोर्टकचेऱ्यांत गेला.

म्हणजे माझ्या केससाठी लॉटरीच. तीन क्लेम गेले! पण रात्री झोप येईना. लोखंडी नांगरात नवं काही नाही, असं मी उद्या कोर्टात ओरडून सांगणार. मग तेच वाक्य लक्ष्मणरावांनाही लागू होतं. त्यांचा नांगर जगातला पहिला लोखंडी नांगर नव्हता. ही शंका मी चुकून रूममेटसमोर बोलून गेले. तिने दिवा मालवता मालवता विचारलं की असं असेल तर मग या माणसाने केलं तरी काय? प्रश्न वकिलाचा होता, पण मला तो लागला. उत्तर मिळेना म्हणून मी पुढचं चरित्र वाचलं.

बेळगावची जागा नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी हवी झाली आणि कारखाना हलवायची वेळ आली. तेव्हा लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात बांधकामाचं एक काम घेतलं होतं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. संस्थानाच्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा आणि भांडवलासाठी कर्ज, असं दोन्ही त्यांनी दिलं. जागा म्हणजे खडकाळ माळ, निवडुंग आणि साप. १९१० साली मूठभर माणसं घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. टाटांचं जमशेदपूर त्याच सुमाराला उभं राहत होतं, पण त्यांच्यामागे केवढं भांडवल! इथे निवडुंग तोडून कारखाना, कारखान्याशेजारी घरं, शाळा, पाणी, सगळं गावच वसवायचं होतं. त्या गावात जातीपातीची शिवाशीव चालणार नाही हे त्यांनी सुरुवातीपासून पाळलं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीचं काम दिलं.

मशीन चालवायला शिकलेली माणसं कुठून मिळणार? ती तिथेच घडवावी लागली. शेतातून आलेला पोरगा लेथवर उभा राहिला. मला वाटतं, इथे जुना ड्रॉइंगचा मास्तर कामाला आला. पहिल्या महायुद्धात परदेशी माल यायचा थांबला, मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा मिळेना. तरी कारखाना टिकला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी रीतसर नोंदली गेली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर निघालं. पुढे त्याचंच किर्लोस्कर मासिक झालं आणि त्याच्यामागून स्त्री आणि मनोहर आले. नांगराच्या कारखान्यातून मासिकं निघतात ही गोष्ट मला अजून गंमतीची वाटते. नांगरानंतर उसाचे चरक आले, पंप आले. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून १९२६ साली परत आले.

मग आमच्या साताऱ्याचं काय? आपल्या केसमधला दुसरा कारखाना काल्पनिक असला तरी त्याला आधार होता. साताऱ्याजवळ सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा लोखंडी नांगराचा कारखाना निघाला होता. आणि कर्मवीर भाऊराव पाटील, रयत शिक्षण संस्था काढणारे, तरुणपणी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते, पुढे ते कूपर यांच्या कारखान्यातही सामील झाले, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. रयतच्या शाळा मी लहानपणापासून बघतेय. त्यांच्यामागे नांगर विकताना पाहिलेली खेडी आहेत असं आता वाटतं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हताच. १९४९ साली दक्षिण सातारा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. आमच्या खोलीतलं सातारा-सांगली भांडण तसं घरातलंच निघालं!

लक्ष्मणरावांच्याच पिढीतले दुसरे मराठी यंत्रवेडे शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७ चा, मुंबईचा. त्यांनी छपाईचे खिळे ओतायच्या यंत्रात नवी करामत केली, इंग्लंड-अमेरिकेत जाऊन डझनावारी पेटंटं मिळवली. पण यंत्र बाजारात आणायला लागणारं भांडवल दर वेळी हातातून निसटलं. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये ते गेले. कायद्याच्या भाषेत बघितलं तर शोध भिसे यांच्याकडे जास्त. पण त्या शोधांभोवती कारखाना, कामगार, गिऱ्हाईक उभं राहिलं नाही. लक्ष्मणरावांचा नांगर जगाला जुना होता, पण कुंडलच्या शेतकऱ्याला तो पहिल्यांदाच इथे, ओळखीच्या माणसाकडून, सुट्या भागांसकट मिळाला. पेटंटच्या परीक्षेत याला शून्य मार्क आहेत, आणि ते बरोबरच आहे. ती परीक्षा फक्त एवढंच विचारते की हे आधी कुणी केलं होतं का. माणसाने काय केलं हे विचारायला दुसरी परीक्षा लागते. रूममेटला मी हे उत्तर दिलं नाही. खटला संपायचा होता ना!

सुनावणीच्या दिवशी सेमिनार हॉल भरला होता. न्यायाधीश म्हणून बाहेरून एक अनुभवी वकील आले होते. मी न्यूबोल्ड, रॅन्सम आणि वूड यांचे कागद एकामागून एक ठेवले. पहिले तीन क्लेम कोसळले. रूममेटचा चेहरा बघवत नव्हता. मग चौथा क्लेम आला, खोली बदलायच्या भोकांचा. मी छाती पुढे काढून म्हणाले की हे तर कुठल्याही गावच्या लोहाराला सुचेल. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं की कागद कुठे आहे? कागद नसेल तर साक्षीदार कुठे आहे? माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मी नुसतं गृहीत धरलं होतं. निकाल लागला. प्रत्येक क्लेमचा हिशेब वेगळा, त्यामुळे तीन रद्द, चौथा कायम. आणि आमच्या कारखान्याच्या नांगराला हुबेहूब तशीच भोकं होती! उल्लंघन सिद्ध, मनाईहुकूम आमच्यावर. संध्याकाळी तिने भडंग आणलं, मी घरून आलेले कंदी पेढे काढले आणि वह्या पुन्हा एकत्र झाल्या.

दिवाळीला घरी गेल्यावर आजोबांना सहज विचारलं की लाकडी नांगर किती खोल जावा हे कसं ठरवायचे? ते म्हणाले की इसाडाला जू पुढे किंवा मागे बांधायचं, की झालं. पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. माझा साक्षीदार घरच्या ओसरीवर बसला होता आणि मी दोन आठवडे नेटवर अमेरिका शोधत होते. लक्ष्मणराव शेतकऱ्याच्या बांधावर गेले होते, मी गेले नाही. माझी अर्धी केस तिथे गेली.

आणखी एक गोष्ट सांगते आणि थांबते. आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट हळद पॉलिश करायच्या ड्रमचा होता. रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत आम्ही नावीन्यपूर्ण असा शब्द घातला होता. सगळेच घालतात. खटल्यानंतर मला तो शब्द वाचवेना. सबमिशनला चार दिवस होते. ग्रुपमध्ये भांडण झालं, कारण शब्द काढला तर मार्क जातील ही भीती सगळ्यांनाच होती, मलाही. शेवटी आम्ही मार्केट यार्डाच्या बाजूला जाऊन तिथे चालणारे ड्रम बघितले आणि पहिलं पान नव्याने लिहिलं. आधीपासून काय आहे, आम्ही कुठलं पाहून घेतलं, आणि आमचा बदल कोणता, तर फक्त आतली जाळी काढून धुता येते एवढाच. व्हायवाला त्या एका जाळीवर वीस मिनिटं प्रश्न आले आणि पहिल्यांदाच आम्हाला सगळ्यांची उत्तरं देता आली. मार्क किती पडले ते विचारू नका!

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. औंध संस्थान १९४८ मध्येच विलीन झालं होतं, कुंडल रोड हे स्टेशनाचं नाव जाऊन किर्लोस्करवाडी आलं. पुढच्या वेळी गाडी तिथे थांबली की चहा जरूर घ्या, पण खिडकीतून बाहेरही बघा. त्या माळावर एक डिग्री नसलेला ड्रॉइंगचा मास्तर जुनाच नांगर घेऊन उतरला होता.